जेसन तोकडं नाही

डेटा लिहिण्याच्या जेसन (JSON) या स्वरूपात टिप्पणी लिहिता येत नाही, तारखेला स्वतंत्र प्रकार नाही, शेवटच्या घटकामागे स्वल्पविराम राहिला तरी पार्सर अख्खी फाइल नाकारतो; सबब हे स्वरूप तोकडं आहे, असं अनेक प्रोग्रामर म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे.

टिप्पण्या सुरुवातीला होत्या. जेसनचे जनक डग्लस क्रॉकफर्ड यांनी त्या जाणूनबुजून काढल्या, कारण लोक त्यांत पार्सरसाठी सूचना पेरू लागले होते. ते चालू राहतं, तर एकाच फाइलचा अर्थ प्रत्येक पार्सरने आपापल्या परीने लावला असता. मग दोन अनोळखी प्रणालींनी एकमेकींचा डेटा बिनचूक वाचायचा कसा? कॉन्फिगरेशन फाइलला टिप्पण्या लागतात, हे खरं. पण जेसन देवाणघेवाणीसाठी आहे.

ऑब्जेक्ट, अ‍ॅरे, स्ट्रिंग, संख्या, ट्रू, फॉल्स, नल. मूल्यं एवढीच. रचनेला महिरपी कंस, चौकटी कंस, कोलन आणि स्वल्पविराम पुरतात. जावास्क्रिप्टमधून निघालेलं हे स्वरूप पायथन, जावा, गो अशा भिन्न प्रकृतीच्या भाषांनी सहज स्वीकारलं, ते या आटोपशीरपणामुळेच. तारीख आयएसओ ८६०१ पद्धतीने स्ट्रिंगमध्ये लिहावी आणि तसं दोन्ही बाजूंनी आधी ठरवावं. त्यासाठी व्याकरण फुगवायची गरज नाही.

संख्यांबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. व्याकरणात संख्येला मर्यादा नाही, पण जावास्क्रिप्ट ती ६४ बिटी फ्लोटिंग पॉइंटमध्ये वाचतं. म्हणून ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या वाचताना शेवटचा ३ जाऊन २ होतो, आणि एररही येत नाही. चूक गुपचूप होते, हे सर्वांत वाईट. ट्विटरने याच कारणाने ट्वीटचे क्रमांक स्ट्रिंगमध्येही द्यायला सुरुवात केली. ज्यांची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ते ओळखक्रमांक, फोन नंबर स्ट्रिंगमध्येच लिहावेत.

आणखी एक समज खोडायलाच हवा: मराठी मजकूर जेसनला पेलत नाही, म्हणून प्रत्येक अक्षर युनिकोड क्रमांकाने लिहावं लागतं. २०१७च्या आरएफसी ८२५९ या जेसनच्या मानकाने खुल्या देवाणघेवाणीसाठी यूटीएफ-८ बंधनकारक केलं आहे. त्यात देवनागरी अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात, क्रमांकाने लिहिलं तर ६. पायथनचं जेसन मॉड्यूल मूळ सेटिंगमध्ये असे क्रमांकच लिहितं. ते सेटिंग बदलता येतं. ते बदला, आणि तुमच्या फाइलींतली मराठी डोळ्यांनी वाचता येईल अशी ठेवा.