ताप उतरला तरी दोन दिवस जपा

वर्षावास सुरू झाला की शिराळ्यात पाऊस आणि त्यामागून डेंग्यूची धास्ती. ताप उतरला की आपली माणसं म्हणतात, "बरं वाटतंय, उद्या कामावर जातो." रोज बुडतो, हे आम्हालाही कळतं. पण डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात.

पोटात जोराची कळ, न थांबणाऱ्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शौच, कमी लघवी, गार हातपाय, सुस्ती किंवा तगमग यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका, सरकारी रुग्णालय गाठा. तापाला पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन, ब्रुफेननं रक्तस्राव वाढू शकतो.

डेंग्यूसाठी वस्तीच्या घाणीला नावं ठेवणाऱ्यांनाही सांगा, हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. जिथं नळाला रोज पाणी नाही, तिथं बॅरल भरावंच लागतं. त्याच्या कडेला अंडी चिकटतात, म्हणून आठवड्यातून एकदा घासून कोरडं करणं आपलं काम. रोज पाणी देणं नगरपंचायतीचं काम. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला पाण्यासाठीच सत्याग्रह केला. आपण अर्ज द्यायला का कचरावं?

विहारात ग्रंथवाचन झाल्यावर ही लक्षणं मोठ्यानं वाचून दाखवा. जय भीम!