‘गाडी चाललीच कुठे?’ हे पालुपद आता पुरे!

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, प्रतापनगर. वडोदऱ्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी वस्तीत जा, एखाद्या घराच्या पोर्चमध्ये कापडी कव्हराखाली एक गाडी उभी दिसेलच. मारुती ८००, झेन, सँट्रो नाहीतर वॅगन आर. वय पंधरा ते वीस वर्षे आणि मीटरवर जेमतेम तीस-पस्तीस हजार किलोमीटर. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत. घरी सत्तरीच्या आसपासचे आईवडील. गाडी महिन्यातून दोन-तीनदा बाहेर निघते. डॉक्टर, बँक, एखादे लग्नकार्य आणि मंडळाचा गणेशोत्सव. मालकाला विचारा, शेवटचे सर्व्हिसिंग कधी झाले? उत्तर ठरलेले आहे : “अहो, गाडी चाललीच कुठे?”

या एका वाक्याने आपल्या समाजाचे जितके नुकसान केले आहे तितके कुठल्या गॅरेजवाल्यानेही केले नसेल. ही गाडी आपल्या घरांत चैनीची वस्तू नाही. मध्यरात्री कोणाच्या छातीत दुखू लागले तर दवाखान्यात नेणारी तीच. त्या वेळी सेल्फ मारला आणि नुसता ‘टक्’ आवाज आला, तर तीस हजार किलोमीटरचा अभिमान काय कामाचा?

म्हणून आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. गाडी चालली नाही म्हणजे ती चांगलीच आहे, हा समज खोटा आहे. आणि गाडी जुनी झाली म्हणजे ती भंगार झाली, हा समजही तेवढाच खोटा आहे. पहिला समज आपण जपतो. दुसरा बाजार पसरवतो आणि सरकार त्याला हातभार लावते. दोघांनाही जाब विचारला पाहिजे.

उभी गाडीही म्हातारी होते

इंजिनातले लोखंड चालण्याने झिजते, हे खरे. पण गाडीत नुसते लोखंड नसते. रबर, बॅटरी, ब्रेक ऑइल, कूलंट या गोष्टी किलोमीटर मोजत नाहीत, त्या वर्षे मोजतात.

टायरचेच घ्या. नक्षी नव्यासारखी दिसते म्हणून बारा-बारा वर्षांचे टायर वापरणारे सभासद आमच्या पाहण्यात आहेत. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षे उलटली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असली तरी तो बदलावा. कडेला बारीक भेगा दिसत असतील तर दहा वर्षांची वाटही पाहू नये. असा टायर वडोदरा-अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर फुटला, तर ‘नक्षी होती हो’ हे कोणाला सांगणार? डिकीतल्या स्टेपनीलाही हाच नियम आहे, तिच्याकडे तर कोणी पाहतच नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळते, आतून गंज धरतो आणि ऐन वेळी पेडल खाली जाते. ते दर दोन वर्षांनी बदलायचे असते, गाडी दोन हजार किलोमीटर चाललेली असो की वीस हजार. कूलंटचेही तसेच. ‘नळाचे पाणी घातले की झाले’ या काटकसरीने रेडिएटर आतून गंजतो.

आणि टायमिंग बेल्ट! मारुती ८०० काय, जुनी सँट्रो काय, या गाड्यांच्या इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट आहे. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे अगदी शेवटची गाडीही आता दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. त्यातला कारखान्याचा बेल्ट अजून तोच असेल, तर गाडी कधीही रस्त्यात बंद पडेल. बेल्ट किती किलोमीटरनंतर किंवा किती वर्षांनंतर बदलावा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यातला ‘किंवा’ आपण वाचत नाही.

पाच मिनिटांचे कर्मकांड

काही जण म्हणतील, आम्ही रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतो. पूजेइतक्या नेमाने हे चालते. पण याने भले होत नाही, बुरेच होते. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढे जाते तेवढे पाच मिनिटांत परत भरत नाही. इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे जळणातून निघालेली वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. ऑइलचे झाकण उघडल्यावर आत साईसारखा पांढुरका थर दिसला तर पुष्कळदा कारण हेच असते. सायलेन्सर आतून सडतो तोही यानेच.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढा आणि पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवा. पहाटे फतेगंज, सयाजीबाग, अकोटा अशा दोन फेऱ्या केल्या तरी पुरे. एसी लावा, सगळे गिअर टाका, ब्रेक नीट दाबून पाहा. इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदला, मीटर काहीही सांगो. गावाला जाताना गाडी सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा. महिनाभर हँडब्रेक ओढून ठेवला की तो चिकटतो.

आधी बिघाड ओळखा, मग पाकीट उघडा

आता गॅरेजवाल्यांविषयी. सगळे वाईट नाहीत. ज्याच्या हाताला यश आहे असा मेकॅनिक सांभाळून ठेवावा. पण मालकाला काहीच कळत नाही हे एकदा दिसले, की ‘बदलून टाका काका’ हा मंत्र सुरू होतो. सेल्फ लागत नाही, स्टार्टर बदला. गाडी गरम होते, रेडिएटर बदला. दोष मात्र बॅटरीच्या सैल टर्मिनलमध्ये किंवा बंद पडलेल्या पंख्याच्या फ्यूजमध्ये असतो.

आपले गाव कलाभवनाचे आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते उघडले ते हाताला तंत्र शिकवण्यासाठी. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्याच गावातल्या शिकल्यासवरल्या घरांत आज बोनेटची खिट्टी कुठे आहे हे माहीत नसावे, याची आम्हाला लाज वाटते. मेकॅनिक व्हा असे आम्ही म्हणत नाही. चार खुणा ओळखा, एवढेच.

सेल्फ मारल्यावर नुसती टकटक झाली आणि दिवे मंद पडले, तर आधी बॅटरी आणि टर्मिनल पाहा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडे करा आणि व्हॅसलीन लावा. काढताना आधी ऋण टोक काढायचे, जोडताना ते शेवटी जोडायचे. साधे मल्टिमीटर घरात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ च्या खाली गेली तर ती उपाशी आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर बॅटरी नवी घेऊन उपयोग नाही, दोष आल्टरनेटरकडे किंवा त्याच्या पट्ट्याकडे शोधा.

इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरी ठीक आहे. पेट्रोल किंवा ठिणगी पोचत नाही. गाडी महिनाभर उभी होती का? मग उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, ते पाहा. जुन्या वाड्यांत हे नेहमीचेच आहे. एअर फिल्टरच्या डब्यात घरटे सापडणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

गाडीखालचा डाग वाचायला शिका. काळपट तपकिरी असेल तर ऑइल, हिरवा किंवा गुलाबी असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर बुळबुळीत ओल दिसली तर ते बहुधा ब्रेक ऑइल, मग गाडी हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. एसी लावून आल्यावर पुढे डाव्या बाजूला स्वच्छ पाणी पडले तर ते एसीचे, त्याची काळजी नको. तापमानाचा काटा वर चढला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नका.

एवढे सांगता आले की गॅरेजवालाही सरळ बोलतो. बदललेला जुना भाग परत मागा. एका वहीत तारीख, किलोमीटर आणि काम लिहून ठेवा.

भीतीचा बाजार

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ‘पंधरा वर्षे झाली, आता गाडी भंगारात जाणार, मिळतील तेवढे पैसे घ्या.’ ही आवई उठवून कितीतरी घरांतून उत्तम गाड्या कवडीमोलाने उचलल्या गेल्या आहेत. वस्तुस्थिती काय आहे? दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि राजधानी क्षेत्रासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती कायम केली आणि २०२५ साली त्याच न्यायालयात तिच्यावर पुन्हा वाद झाला. गुजरातेत ती लागू नाही. १३ ऑगस्ट २०२१ रोजी गुजरातमधल्याच गुंतवणूकदार परिषदेत पंतप्रधानांनी ज्या भंगार धोरणाची सुरुवात केली, त्याचा पाया फिटनेस चाचणी हा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. चाचणी पास झाली की ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मुदत संपण्यापूर्वी अर्ज करा आणि अफवेला भुलू नका.

पण सरकारलाही आम्ही सोडणार नाही. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० केले गेले. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालणाऱ्या पेन्शनरच्या गाडीला आणि रोज शंभर किलोमीटर धूर ओकणाऱ्या गाडीला एकच माप, हा कुठला न्याय? प्रदूषण रोखायचे असेल तर चाचणी कडक करा. नापास होईल ती गाडी खुशाल बाद करा, आम्ही हूं की चूं करणार नाही. पण पास होणाऱ्या गाडीला केवळ जन्मतारखेचा दंड कशासाठी?

इथेनॉलचेही तेच झाले. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे सरकारी खुलाशातही मान्य केले आहे. हा खर्च कोणाच्या खिशातून? इथेनॉल पाणी शोषते, म्हणून उभ्या गाडीला त्याचा त्रास अधिक. टाकीत दर दोन-तीन महिन्यांनी ताजे पेट्रोल पडत राहील असे पाहा आणि इंधनाच्या नळ्या दरवर्षी तपासून घ्या.

पुराचा धडा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा उभ्या गाड्यांचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. ज्यांनी पैसे वाचवण्यासाठी केवळ थर्ड पार्टी विमा ठेवला होता, त्यांना त्या नुकसानीची भरपाई मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पाच वर्षांवरील गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी आकडा विचारा. आणि पाण्यात बुडालेल्या गाडीचा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी असेल तर त्या एका सेल्फने ते कायमचे जाते. बॅटरीचे टोक काढा आणि गाडी ओढून न्या.

‘विकून टाका, रिक्षा मिळते की!’

असे सांगणारे आपल्यातही आहेत. त्यांना आमचा प्रश्न आहे : भर पावसात, रात्री, गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन तुम्ही कधी रिक्षा शोधली आहे का? फोनवरून गाडी मागवणे ज्येष्ठांना जमतेच असे नाही, आणि जमले तरी ती येतेच असे नाही. ज्यांना गाडी चालवणे आता झेपत नाही, ज्यांची दृष्टी कमी झाली आहे, त्यांनी जरूर विकावी. पण धडधाकट माणसाने धडधाकट गाडी भीतीपोटी विकू नये.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. एक, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एका रविवारी सभासदांच्या गाड्यांची तपासणी ठेवावी : टायरचे साल, बॅटरीचे व्होल्ट, ब्रेक ऑइल, बेल्ट. दोन, नूतनीकरणाचे फॉर्म भरण्यासाठी ज्येष्ठांना तरुण सभासदांनी मदत करावी. तीन, शुल्क गाडीच्या वयावर नको, चाचणीच्या निकालावर हवे, असे निवेदन आपल्या आमदार-खासदारांना सह्यांनिशी द्यावे. मते मागायला ते आपल्या दारात येतातच, तेव्हा पोर्चमधली गाडीही त्यांना दाखवावी.

सरकारकडे निवेदन घेऊन जायचे तर आधी आपली गाडी चाचणीला पास होणारी हवी. चार टायरांना भेगा पडलेला माणूस न्याय मागायला गेला तर त्याचे कोण ऐकणार? या रविवारी कव्हर काढा, बोनेट उघडा आणि टायरवरचे चार आकडे वाचा.