मोजक्यांची पंगत

वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावे, असे मराठीत गमतीने म्हटले जाते. या गमतीमागे एक कटू सत्य दडलेले आहे. अन्न किती शिजले यापेक्षा वाढणाऱ्याची नजर कोणाकडे आहे, यावरच पुष्कळांचे पोट अवलंबून असते. नेमके हेच सत्य नासोस वाकालिस या ग्रीक दिग्दर्शकाने ‘डिनर फॉर फ्यू’ या २०१४ सालच्या प्रयोगशील ॲनिमेशनपटात मांडले आहे. चित्रपट अवघ्या दहा मिनिटांचा आहे आणि त्यात एकही संवाद नाही.

मेजाभोवती डुकरे जेवायला बसली आहेत. त्यांना वाढणारी ‘व्यवस्था’ तेल घातलेल्या यंत्रासारखी अखंड चालू आहे. मेजाखाली मांजरे आहेत. वरून सांडलेल्या तुकड्यांवर त्यांची गुजराण चालते. शेवटी घरातील सारे काही संपते. उरल्यासुरल्यासाठी झुंज होते, मांजरांच्या उपासमारीतून वाघ उभा राहतो आणि मेज उलथून पडते. परंतु या उलथापालथीतून जन्मास येणारी नवी पिढी आशेचा किरण ठरत नाही. ती जुन्यांचीच हुबेहूब प्रतिमा असते. जेवणारे बदलतात, पंगत मात्र तीच राहते.

हा चित्रपट आला तेव्हा ग्रीस आर्थिक संकटात होरपळत होता. ऑक्टोबर २००९ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने उघड केले, की त्या वर्षीची वित्तीय तूट आधीच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक आहे. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे पहिले साहाय्य मंजूर झाले. २०१३ मध्ये बेरोजगारीचे प्रमाण २७ टक्क्यांवर गेले. मार्च २०१२ मध्ये खासगी धारकांकडील सरकारी रोख्यांचे दर्शनी मूल्य ५३.५ टक्क्यांनी घटविण्यात आले आणि असे रोखे बाळगणाऱ्या ग्रीक बँकांच्या भांडवलाला मोठे खिंडार पडले. पुढे २०१५ च्या जूनअखेरीस बँका तीन आठवडे बंद राहिल्या. एटीएममधून दिवसाला केवळ ६० युरो मिळत. कार्ड नसलेल्या निवृत्तिवेतनधारकांसाठी काही शाखा उघडण्यात आल्या, तेव्हा १२० युरोंसाठी वृद्धांच्या रांगा लागल्या.

या रांगेतील वृद्ध डुकरांत मोडत नाहीत, मांजरांतही नाहीत. आयुष्यभर काटकसर करून त्यांनी चार पैसे विश्वासाने बँकेत ठेवलेले होते. चित्रपटात या सामान्य बचतदाराला जागा नाही, ही त्याची उणीव म्हणावी लागेल. संपत्तीचा प्रभाव केवळ खाणारे आणि उपाशी यांच्यापुरता मर्यादित नसतो. ज्याने कोठारात भर घातली, त्याच्यावरही तो पडतो. आणि कोठारात नेमके किती शिल्लक आहे, हे त्यालाच सर्वांत शेवटी कळते.

संपत्तीविषयीचे चिंतन ग्रीसला नवे नाही. इसवी सनापूर्वी ३८८ मध्ये ॲरिस्टोफेनिसने ‘प्लूटस’ हे सुखात्म नाटक रंगभूमीवर आणले. त्यातील संपत्तीचा देव आंधळा आहे. म्हणून तो सज्जनांना टाळून दुर्जनांच्या घरी नांदतो. त्याला दृष्टी मिळताच चित्र पालटते. वाकालिसच्या चित्रपटातील व्यवस्था मात्र आंधळी नाही. तिला मेज स्पष्ट दिसते; दिसत नाही ते फक्त मेजाखालचे जग आणि रिते होत चाललेले कोठार.

मग उपाय कोणता? संताप हा उपाय नव्हे, एवढे चित्रपट निःसंदिग्धपणे सांगतो. वाघाच्या पंज्याने मेज मोडते, वाढण्याची रीत मोडत नाही. ती रीत बदलायची, तर कोठाराचा हिशेब सर्वांसमोर खुला असला पाहिजे. ग्रीसची तूट एका रात्रीत वाढली नव्हती. एका घोषणेने ती केवळ दृष्टीस पडली. खरे आकडे वेळीच समोर आले असते, तर संकट कदाचित टळले नसते, पण त्याचा घाव इतका खोल गेला नसता.

येथे बँकेच्या खतावणीचे मोल ध्यानात येते. थकीत कर्ज थकीत म्हणूनच नोंदविणे, तारणाचे मूल्य फुगवून न दाखविणे, मोठ्या कर्जदाराची आणि लहान कर्जदाराची परतफेड एकाच मापाने मोजणे, ही कामे वरवर रुक्ष वाटतात. प्रत्यक्षात प्लूटसला दृष्टी देणारे अंजन हेच आहे. ठेवीदारानेही केवळ व्याजदर न पाहता बँकेचा ताळेबंद वाचण्याची सवय लावून घेतली, तर त्या दृष्टीला धार येईल. वाढपी ओळखीचा असण्याची गरज उरू नये, पंगतीत कुठेही बसले तरी पानात योग्य तेवढे पडावे, हीच निकोप अर्थव्यवस्थेची खूण होय.