उन्हाळी कामे आणि मजुरांचे पाणी

वैशाखात नांगर सोडल्यावर बैलांना पाणी पाजल्यावाचून शेतकरी स्वतः सावलीस बसत नाही. बैल तहानेला राहिला तर दुसऱ्या दिवशी औत ओढणार नाही, हे त्यास पक्के ठाऊक असते. परंतु त्याच रानात धसकटे वेचणाऱ्या, शेणखत पसरणाऱ्या अथवा उन्हाळी भुईमूग काढणाऱ्या माणसांच्या पाण्याची व्यवस्था मात्र बहुधा दैवावर सोपविलेली असते. एखादी कळशी सकाळी बांधावर येते, दहा वाजेपर्यंत रिकामी होते आणि विहीर लांब असल्यामुळे पुन्हा भरावयास कोणी जात नाही.

विदर्भ, खानदेश व मराठवाडा या भागांत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढणे नवलाचे राहिलेले नाही. मे २०१३ मध्ये नागपुरास तो ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात कष्टाचे काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. तहान ही या तुटीची उशिरा येणारी वर्दी होय. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी एक पेलाभर पाणी प्यावे. हिशेब सोपा आहे. आठ मजूर सकाळी पाच तास राबणार असतील, तर सुमारे तीस लिटर पाणी, म्हणजे दोन मोठ्या घागरी, बांधावर पाहिजेत. बियाणे व खत यांचा हिशेब वहीत लिहिणाऱ्याने या दोन घागरीही त्याच वहीत लिहाव्यात. पाण्याच्या निमित्ताने मजूर वेळ काढतात, अशी तक्रार काही शेतकरी करतात. दुपारी डोके धरून झाडाखाली पडलेल्या मजुराचा वेळ मात्र ते मोजीत नाहीत.

घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. तेव्हा नुसत्या पाण्याने सर्व तूट भरून येत नाही. येथे आपल्या जुन्या आंबिलीचे मोल कळते. ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवावे, सकाळी ते उकळत्या पाण्यात सोडून ढवळीत शिजवावे, मीठ, जिरे व ठेचलेला लसूण घालावा आणि निवल्यावर ताक घालून पातळ करावे. पाणी, मीठ व अन्न ही तिन्ही एका वाडग्यात मिळतात. ती बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात मात्र ठेवू नये. रक्तदाब अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आंबील मागे पडली याचे कारण आळस नव्हे. घरात ताकच उरले नाही, हे होय. सकाळ-संध्याकाळचे सारे दूध संकलन केंद्रावर जाते आणि गोठ्यात दोन म्हशी असणाऱ्या घरीही रवी कोरडी राहते. दुधाच्या पैशावर प्रपंच चालतो, हे खरे. तथापि चैत्र-वैशाखापुरते रोज अर्धा लिटर दूध विरजणास ठेवले, तर त्याचे घरापुरते पातळ ताक सहज होईल. तेवढे दूध विकून येणाऱ्या पैशात तितके उपयोगी पेय बाजारात मिळत नाही.

ताकाची जागा चहाने घेतली आहे. चहाने अंगातील पाणी आटते, ही समजूत अतिशयोक्त आहे. दोष आहे तो चहावर न्याहारी भागविण्याचा. रिकाम्या पोटी उन्हात उतरणाऱ्यास भोवळ लवकर येते. भाकरी, चटणी आणि कांदा ही शिदोरी उन्हाळ्यास उत्तम, कारण ती दुपारपर्यंत आंबत नाही. कांदा अवश्य खावा. खिशात अथवा पागोट्यात बाळगून तो ऊन अडवील, ही आशा मात्र सोडावी.

मजूर स्त्रियांचा प्रश्न निराळा आहे. डोक्यावरून पाणी आणतात त्या आणि पितात सर्वांहून कमी; कारण उघड्या रानात आडोसा नसतो. याची चर्चा शिवारफेरीत होत नाही. लघवी तुंबवून व पाणी तोडून त्यांना मूत्रमार्गाचे विकार जडतात. तुराट्यांचा अथवा पऱ्हाट्यांचा एक कूड बांधाच्या कडेला उभा करण्यास अर्धा तासही लागत नाही. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पाण्याचा उपदेश करण्यापूर्वी हा कूड उभा करवून घ्यावा.

एवढी काळजी घेऊनही एखाद्यास ऊन लागू शकते. अंग तापून मनुष्य बरळू लागला अथवा बेशुद्ध झाला, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्यास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत अंग भिजविणे थांबवू नये. घागरीतले उरलेले सारे पाणी त्या कामी लागले तरी चालेल.