पुण्याच्या बिअरला मार्केट यार्डाचा रस्ता

मार्केट यार्डाच्या फळबाजारात पुरंदरचं अंजीर येतं, तेव्हा आडत्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना घाई असते. पिकलेलं अंजीर दोन दिवस टिकणंही मुश्कील. आवक वाढली की भाव कोसळतो आणि मऊ पडलेल्या मालाला कुणी विचारत नाही. 2016 मध्ये या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यामुळे फळाचं आयुष्य वाढलं नाही. अशा फळाला गिऱ्हाईक होऊ शकेल असा एक धंदा याच शहरात वाढला आहे, तो म्हणजे छोट्या प्रमाणात बिअर बनवण्याचा.

सुरुवात 2009 ची. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी उंड्रीच्या कोरिंथियन्स क्लबात ‘डूलाली’ सुरू केली. बिअर बनवायला ऑलिव्हर शाउफ हे जर्मन तज्ज्ञ होते. देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींमध्ये तिची गणना होते. तोवर बिअर म्हणजे मोठ्या कारखान्यातली, एकाच चवीची बाटली. 2014 मध्ये मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स’ आली, मग कोरेगाव पार्क, बाणेर अशी ही हौस शहरभर पसरली. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने कोकम आणि मीठ घालून बिअर केली. ‘मूनशाइन’ने तर मध आंबवून मीड बनवलं.

कोकमाची ती बिअर महत्त्वाची आहे. कारण एरवी पुण्याच्या बिअरमध्ये पुण्याचं काय असतं? पाणी! बार्ली प्रामुख्याने राजस्थानकडची, हॉप्स बहुतांशी जर्मनी-अमेरिकेतले. कौशल्य मात्र इथलं, आणि तेच आता इथल्या मालाकडे वळायला हवं. फळबाजारातलं अंजीर, पेरू, जांभूळ तर आहेच, पण भुसार बाजारातली ज्वारीही आहे. नायजेरियाने 1988 मध्ये बार्लीच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या कारखान्यांनी ज्वारी आणि मका वापरून बिअर बनवली. ज्वारीत स्टार्चची साखर करणारी विकरं कमी असतात, म्हणून ती बाहेरून घालावी लागतात. काम कटकटीचं आहे, पण ते होऊ शकतं हे एका अख्ख्या देशाने दाखवून दिलं.

हे आपोआप घडणार नाही. नाशिकची वाइन वाढली त्यात द्राक्षांइतकाच 2001 च्या राज्य धोरणाचा वाटा होता. द्राक्षापासून वाइन बनवणाऱ्यांना त्या वेळी उत्पादन शुल्कात सूट मिळाली आणि बागायतदारांना नवं गिऱ्हाईक मिळालं. बिअरवाला मात्र शेतकऱ्याकडून शंभर किलो अंजीर घेवो की एकही न घेवो, सरकारच्या लेखी सारखाच.

दारूला सवलत म्हटलं की अनेकांच्या कपाळावर आठी येते. त्या आक्षेपात तथ्य आहे, आणि पाण्याच्या आक्षेपात तर जास्तच. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात केली होती. एक लिटर बिअरमागे कित्येक लिटर पाणी जातं, त्यातलं बरंचसं टाक्या धुण्यात. उन्हाळा आला की खडकवासल्याच्या साठ्यावर डोळे लावून बसणाऱ्या शहरात हे दुर्लक्षून चालणार नाही.

म्हणून सवलत सरसकट नको, अटींवर हवी. दारू स्वस्त करणं हा तिचा हेतू नसावा. फळ आणि धान्य राज्यातल्या शेतकऱ्याकडून घेतल्याच्या पावत्या दाखवाव्यात, धुण्याचं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरावं आणि उरलेला चोथा गोठ्यांना द्यावा. शंभर लिटर बिअरमागे सुमारे वीस किलो ओला चोथा निघतो आणि जनावरांसाठी तो चांगलं खाद्य आहे.

उत्पादन शुल्क विभाग, बाजार समिती आणि शहरातले ब्रुअर यांनी येत्या अंजिराच्या हंगामाआधी एकत्र बसावं आणि निदान एका फळापासून सुरुवात करावी.