प्रशिक्षक बदलले, तक्रार तीच राहिली

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष, कार्यकारिणी व तांत्रिक समितीचे सदस्य आणि इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांचे मालक यांस,



14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या आशियाई चषकाची पात्रता आपल्या हातून गेली. भारताच्या छांगटेने सुरुवातीलाच गोल करून आघाडी मिळवून दिली होती, पण ती टिकली नाही आणि पुन्हा गोलही झाला नाही. पराभवानंतर जी चर्चा होते तीच झाली: प्रशिक्षक चुकला का, संघनिवड चुकली का. या चर्चेत आपण सगळे एक गोष्ट विसरतो. गेल्या काही वर्षांत तीन अगदी वेगळ्या स्वभावांच्या प्रशिक्षकांनी हा संघ सांभाळला आणि तिघांचीही अडचण एकाच जागेवर झाली, ती म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या.

इगोर स्टिमॅच 2019 ते 2024 इथे होते. 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातले बचावपटू, आणि बोलायला कमालीचे फटकळ. त्यांच्याही चुका झाल्या. 2023 च्या सॅफ स्पर्धेत दोनदा लाल कार्ड घेऊन ते मैदानाबाहेर गेले, हे राष्ट्रीय प्रशिक्षकाला शोभणारं नव्हतं. पण सुनील छेत्री सोडला तर आपले आघाडीचे खेळाडू क्लबात त्या जागेवर खेळतच नाहीत, हे ते वारंवार सांगत होते. आपण ती पराभवाची सबब मानली. 2024 च्या जानेवारीत कतारला आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडूनही आपण हरलो. सहा गोल खाल्ले, एकही केला नाही. तरीही त्यांचं म्हणणं कोणी तपासून पाहिलं नाही.

त्यांच्यानंतर मानोलो मार्केझ आले, तेही एफसी गोवाची जबाबदारी सांभाळून. 25 मार्च 2025 ला शिलाँगमध्ये बांगलादेशशी 0-0 अशी बरोबरी झाल्यावर आपण संतापलो आहोत आणि निराश आहोत, असं त्यांनी पत्रकारांसमोर उघड सांगितलं. तो संताप खरा होता. आणि त्यामागचं कारण सव्वा महिन्यानंतर सगळ्यांना दिसलं. 3 मे ला त्यांच्याच एफसी गोवाने सुपर कपच्या अंतिम सामन्यात जमशेदपूरला 3-0 असं हरवलं. बोर्हा हेरेराचे दोन गोल, देयान द्राझिचचा एक. दोघेही परदेशी. जूनमध्ये हेच मार्केझ भारताला घेऊन हाँगकाँगला गेले आणि संघ 0-1 असा हरला. प्रशिक्षक तोच, डोकं तेच, सरावाची पद्धतही तीच असणार. मग एका संघात गोल होतात आणि दुसऱ्यात होत नाहीत, याचं उत्तर प्रशिक्षकात शोधून कसं मिळेल?

सुपर कपच्या त्या अंतिम सामन्यात जमशेदपूरच्या बाकावर खालिद जमील होते. ऑगस्टमध्ये भारतीय संघ त्यांच्याकडे आला. सावियो मेदेरा यांच्यानंतर जवळपास तेरा वर्षांनी एक भारतीय प्रशिक्षक! मुंबईच्या मैदानांवर घडलेला, आयझॉलसारख्या लहान क्लबाला 2016-17 ची आय-लीग जिंकून देणारा हा माणूस कमी बोलतो आणि खेळाडूंना चारचौघांत दोष देत नाही. काफा नेशन्स कपमध्ये त्यांनी छेत्रीशिवाय संघ नेला, ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांकही मिळवला. मात्र ऑक्टोबरमध्ये, प्रश्न पात्रतेचा आला तेव्हा, 41 वर्षांच्या छेत्रीला परत बोलवावं लागलं. मार्केझनीही मार्चमध्ये त्याला निवृत्तीतून परत आणलं होतं, कारण त्या हंगामात इंडियन सुपर लीगमधल्या भारतीयांत सर्वाधिक गोल त्याचेच होते.

छेत्रीबद्दल मला अपार आदर आहे. म्हणूनच हे फार लागतं. त्याच्या जागी उभा राहील असा एक तरी मुलगा वीस वर्षांत आपण का घडवू शकलो नाही?

उत्तर लीगच्या नोंदींत आहे. 2014 ते 2024-25 या अकरा हंगामांत सर्वाधिक गोल करणाऱ्याचा गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. एलानोपासून अलाएद्दीन अजारीपर्यंत सगळे परदेशी. त्यांचा दोष काहीच नाही. गोव्याच्या प्रेक्षकांनी एफसी गोवाच्या परदेशी आघाडीपटू कोरोला डोक्यावर घेतलं ते योग्यच होतं, तो होताच तसा. क्लबच्या प्रशिक्षकाचाही दोष नाही. चार सामने हरला की त्याची नोकरी जाते, मग तो गोलची हमी देणाऱ्यालाच पुढे ठेवणार. परिणाम मात्र असा, की भारतीय मुलगा विंगवर सरकतो किंवा बाकावर बसतो. डीमध्ये पाठीवर बचावपटू घेऊन वळायचं कसं, गोलरक्षक पुढे येताना अर्ध्या क्षणात निर्णय कसा घ्यायचा, हे सराव शिबिरात शिकता येत नाही. त्यासाठी दर आठवड्याला त्या जागेवर नव्वद मिनिटं खेळावं लागतं.

मी कोल्हापूरचा. इथे शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने असले की पेठांतली कामं थांबतात. इथल्या अनिकेत जाधवला 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळताना आम्ही ऊर भरून पाहिलं. पुढे मोठ्या लीगमध्ये त्याची ओळख मुख्यतः कडेने खेळणारा अशी झाली. अशी उदाहरणं गोव्यात, मणिपुरात, मिझोराममध्येही सापडतील.

तेव्हा मागणी स्पष्ट करतो. मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची संख्या 2021-22 मध्ये आपण चारवर आणली. ती आता तीनवर आणा. सुपर कप फक्त भारतीय खेळाडूंचा ठेवा, म्हणजे वर्षातून एकदा तरी प्रत्येक क्लबाला आपला सेंटर फॉरवर्ड शोधावाच लागेल. क्लबांना वाटायच्या पैशातला काही हिस्सा तेवीस वर्षांखालच्या भारतीय आघाडीपटूंनी खेळलेल्या मिनिटांशी जोडा. आणि शिबिराच्या तारखा हंगाम सुरू होण्यापूर्वी ठरवून त्या पाळा. 2023 च्या आशियाई खेळांसाठी क्लब खेळाडू सोडेनात, संघ सामन्याच्या आदल्या दिवशी हांगझोला पोहोचला आणि चीनकडून 1-5 असा हरला. असं पुन्हा होऊ देऊ नका.

क्लब म्हणतील, दर्जा घसरेल. एक-दोन हंगाम घसरेलही. ती किंमत मोजायला आम्ही प्रेक्षक तयार आहोत. तिकीट काढून येऊ, चुकलेल्या फटक्यांवर हळहळू, पण येऊ.

पुढचा प्रशिक्षक शोधण्याआधी एक बैठक घ्या. खालिद जमील, सगळ्या क्लबांचे प्रशिक्षक आणि मालक यांना एका टेबलाशी बसवा. पुढच्या हंगामात कोणत्या क्लबात कोणता भारतीय मुलगा आघाडीला खेळणार, त्याची यादी तिथेच करा आणि ती जाहीर करा.

आपला,
कोल्हापूरचा एक फुटबॉलप्रेमी