ऊर्ध्व दिशेचा हिशेब



प्रवासाची आखणी करताना आपण दोन आकडे प्रथम विचारतो : अंतर किती आणि वेळ किती? श्रीनगर आणि लेह यांच्या बाबतीत हे आकडे बोलके आहेत. दोन्ही शहरे 34 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेली. सरळ रेषेत अंतर सुमारे 250 किलोमीटर. रस्त्याने तेच सुमारे 420 किलोमीटर. विमानाला पाऊण तास पुरतो. मोटारीला झोजी ला, फोटू ला या खिंडी ओलांडून, कारगिलला मुक्काम करून, दोन दिवस लागतात. पूर्वी व्यापाऱ्यांच्या तांड्यांचा या वाटेवर पंधरवडा जात असे.

तो पंधरवडा 24 मे 1948 रोजी तासांवर आला. लेह एकाकी पडले होते. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने तेथे धावपट्टी तयार केली आणि एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी जनरल थिमय्या यांच्यासह तीवर डकोटा विमान उतरवले. पाठोपाठ विमानानेच कुमक पोहोचली आणि लेह वाचले. तेथे वेग प्राणरक्षक ठरला.

आमच्या सहलीत मात्र त्याच वेगाने घात केला असता. श्रीनगरहून एकाच सकाळी निम्मी मंडळी विमानाने निघाली, आम्ही मोटारीने. विमानाने गेलेल्या एका व्यापारी स्नेह्यांचे डोके दुखू लागले. त्यांनी ते कोणास सांगितले नाही. ‘पैसे भरले आहेत, दिवस वाया का घालवायचा?’ म्हणून दुसऱ्याच दिवशी ते 5,359 मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीत गेले. आम्ही संध्याकाळी लेहला पोहोचलो तेव्हा ते रुग्णालयात प्राणवायूवर होते आणि वहिनी उशाशी नवकार म्हणत होत्या. सुदैवाने ते बचावले.

श्रीनगरची उंची सुमारे 1,600 मीटर, लेहची 3,500. तेथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश इतकाच प्राणवायू मिळतो. शरीराला याची सवय होण्यास काही दिवस लागतात. रस्ता हे कर्ज हप्त्यांनी फेडून घेतो, कारण कारगिलची रात्र 2,700 मीटरवर जाते. विमान मात्र एकरकमी वसुली करते.

आपल्या दिग्व्रतात चार दिशांबरोबर ऊर्ध्व आणि अधो दिशांचेही परिमाण ठरवायचे असते. व्यापारी श्रावक पूर्व-पश्चिमेची मर्यादा जाणीवपूर्वक घालतो. ‘वर’ किती जायचे, हा प्रश्न नाममात्र वाटतो. लेहमध्ये मला त्याचा अर्थ कळला. किलोमीटर आणि तास यांच्या हिशेबात चढ कोठेच मांडलेला नसतो.

म्हणून ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी आपल्या वैद्यांचा सल्ला घ्यावा. विमानाने गेल्यास पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांतीचे धरावेत. रस्त्याने गेल्यासही घाई नको. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसा पुरेसे पाणी प्यावे. डोकेदुखी, धाप लपवू नये. ती वाढल्यास खाली उतरणे हाच उपाय. विश्रांतीचे ते दोन दिवस खर्चात मांडू नयेत. ते जमेचेच आहेत.